कोणाचे पाप? : नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा एक जुना प्रश्न

मराठी माणसाच्या तोंडी 'पाप' हा शब्द दिवसातून किती वेळा येतो, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. 'बिचाऱ्याचं काय पाप', 'असं बोलू नये, पाप लागेल', 'चला, एकदाचं पाप फिटलं', 'कुठल्या जन्मीचं पाप भोगतोय कोण जाणे'. बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, पण या एका शब्दाच्या पोटात निरनिराळ्या वस्तू नांदत असतात. कधी पाप म्हणजे अंगाला चिकटलेला मळ असतो. तो पाण्याने धुता येतो. कधी ते कर्ज असते. ते फेडल्यावाचून सुटका नाही, या जन्मी नाही तर पुढच्या. आणि कधी तो कोणाचा तरी केलेला अपराध असतो; त्याची क्षमा मागावी लागते आणि क्षमा करणारा समोर कोणीतरी असावा लागतो.

आमच्या आजऱ्यात हे तिन्ही अर्थ एकाच गावात भेटतात. आंबोलीला उगम पावलेली हिरण्यकेशी आजऱ्याजवळ रामतीर्थावर येते. तेथे महाशिवरात्रीला स्नानासाठी लोटणारी माणसे पहिल्या अर्थाची साक्ष देतात. बाजारात आणि बांधावर ऐकू येणारी बोलणी दुसऱ्या अर्थाची असतात. गोवा व सावंतवाडीकडून घाट चढून आलेल्या आमच्या कॅथोलिक कुटुंबांनी 'कुमसार' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. तो तिसऱ्या अर्थाचा. परंतु कुमसाराला गुडघे टेकणारा माणूस बाकीचे दोन अर्थ चर्चच्या पायरीवर ठेवून आत येतो, असे मात्र कोणी समजू नये. घरात लेकरू दगावले की आमची ख्रिस्ती आईसुद्धा तोच प्रश्न विचारते, जो शेजारची हिंदू आई विचारते : कोणाचे पाप?

या प्रश्नाला आपल्याकडे एक इतिहास आहे. त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण कॅथोलिक वाचकांना फारसे ठाऊक नाही, कारण त्यातील मुख्य पुरुष आपल्या ख्रिस्तसभेतला नव्हता. म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात मात्र आपल्याच घरापासून करावी लागते. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्य घालविले. त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जुनी पुराणे हातातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत काहीतरी वाचावयास हवे होते. त्या गरजेतून हा ग्रंथ जन्मला. स्टीफन्स यांनी नवी परिभाषा घडविण्यापेक्षा लोकांच्या तोंडातली उचलली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले आणि पापाला पापच म्हटले. दुसरा मार्गही नव्हता. पण उसना घेतलेला शब्द एकटा येत नाही, आपले जुने बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतो. आदाम आणि एवा यांची कथा ओव्यांतून ऐकणाऱ्या साष्टीतल्या गावकऱ्याने 'पाप' या शब्दाने नेमके काय समजून घेतले असेल, हा विचार मला नेहमी पडतो. आदामाचे पाप आपल्याला लागले, हे वाक्य मराठी कानाला मुळीच परके वाटत नाही. पूर्वजाचा दोष वंशाला लागतो हे आपल्याला आधीच माहीत असते! अडचण इथेच आहे. जे फार सहज समजले, ते बहुधा वेगळेच काहीतरी समजलेले असते.

त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी या शब्दाची उघड झाडाझडती झाली, आणि ती मराठीत नव्हे तर संस्कृतात. जॉन म्यूर हा स्कॉटलंडचा तरुण, कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीत होता. संस्कृतावर त्याचे प्रभुत्व होते. १८३९ साली त्याने 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ गुरु-शिष्य संवादाच्या रूपाने प्रसिद्ध केला. कोणता धर्म खरा हे बुद्धीने तपासून ठरविता येते आणि अशा तपासात ख्रिस्ती धर्मच टिकतो, असे त्याचे प्रतिपादन होते. काही वर्षांपूर्वी मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांचा वाद गाजला होता. तो गर्दीपुढचा वाद. म्यूरचा ग्रंथ पंडितांसाठी होता, आणि पंडितांनी त्याची दखल घेतली. तीन उत्तरे आली. एक बंगाली पंडिताचे. उरलेली दोन महाराष्ट्रीय रक्ताच्या माणसांची.

पहिले उत्तर त्याच वर्षी सुबाजी बापू यांनी 'सोमनाथ' या नावाने दिले. भोपाळ राज्यातील सिहोर येथे राहणारे हे ज्योतिषी फार मोकळ्या मनाचे होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्यांनी मान्य केले होते आणि त्या विषयावर 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक १८३६ साली लिहिले होते. त्यांचे उत्तरही सौम्य आहे. देव एक, पण निरनिराळ्या लोकांसाठी त्याने निरनिराळे मार्ग नेमून दिले. तुमचा तुम्हाला, आमचा आम्हाला. मग निंदा कशासाठी? आजही आजऱ्याच्या एस. टी. स्थानकावर धर्माचा विषय निघाला तर दहांतले आठ जण सुबाजी बापूंचेच मत सांगतील. शेजारधर्मासाठी ते चांगले आहे. परंतु लेकरू गमावलेल्या आईच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

तो प्रश्न विचारला काशीच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने. नीलकंठशास्त्री गोऱ्हे १८२५ साली झाशीजवळ एका कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात जन्मले आणि काशीत वाढले. १८४४ साली त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहून म्यूरला उत्तर दिले. आपल्या धर्मगुरूंच्या शिक्षणक्रमात हा ग्रंथ असावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या श्रद्धेवर इतक्या बुद्धिमान माणसाने इतक्या गांभीर्याने घेतलेले आक्षेप या देशात दुसरे क्वचितच सापडतील.

नीलकंठशास्त्र्यांनी प्रथम बुद्धीच्या दाव्यालाच हात घातला. बुद्धी श्रद्धेच्या मागून चालते. शास्त्रावरची श्रद्धा सोडून एकटी निघालेली बुद्धी कोठेच स्थिरावत नाही, असे त्यांनी म्हटले. संत अन्सेल्मचे लेखन वाचलेल्या कोणाही सेमिनारियनला हा सूर ओळखीचा वाटेल. गंमत अशी, की श्रद्धेच्या बाबतीत हा हिंदू तरुण कॅथोलिक परंपरेच्या जितका जवळ होता, तितका त्याच्याशी वाद घालणारा ख्रिस्ती म्यूर नव्हता.

मग मुख्य आक्षेप आला. तुम्ही म्हणता माणसाला एकच जन्म आहे. मग एक जन्मतःच आंधळा, एक धडधाकट. एक राजाच्या घरी, एक भिकाऱ्याच्या. हा भेद कशाने? पाप करण्याचे ज्याला वयच आले नाही ते तान्हे मूल तडफडून मरते, ते कोणत्या अपराधासाठी? मुकी जनावरे कशासाठी सोसतात? आदामाच्या पापाचे फळ म्हणाल, तर एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला शिक्षा देणारा देव न्यायी कसा? आणि थोड्या वर्षांच्या पापाला कधीच न संपणारा नरक ही शिक्षा मापात कशी बसते? आमच्या कर्मसिद्धांतात निदान हिशेब जुळतो. पूर्वजन्मीचे कर्म मानले की ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप उरत नाही.

कर्मसिद्धांतावर ख्रिस्ती लेखणीने पुष्कळ सोपी टीका झालेली आहे. त्यामागची कळकळ आपण क्वचितच पाहिली. देवाचे नाव डागाळू नये, हीच त्यामागची तळमळ आहे. सृष्टीत दिसणारे दुःख देवाच्या माथी मारण्यापेक्षा ते जीवाच्या माथी मारलेले बरे, असा तो निवाडा आहे.

हाच तरुण चार वर्षांनी, १४ मार्च १८४८ रोजी, जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाला. काशीतील अँग्लिकन मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालावयास गेलेला हा पंडित नवा करार वाचू लागला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थबकला. मधल्या काळात त्याचे मन पुन्हा पुन्हा मागेपुढे झाले. १८४४ च्या आपल्या प्रश्नांना उत्तर मिळाले म्हणून तो ख्रिस्ती झाला, असे दिसत नाही. प्रश्न तसेच राहिले. तो प्रश्न ज्याला विचारावा तो मात्र बदलला. हिशेब ठेवणाऱ्या ईश्वराच्या जागी त्याला स्वतः दुःख भोगणारा देव दिसला.

पुढे १८६० साली त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ लिहून आपल्याच जुन्या शास्त्रांची चिकित्सा केली. वेदांतावरचा त्यांचा आक्षेप थोडक्यात असा सांगता येईल : जीव आणि ब्रह्म परमार्थतः एकच असतील, तर अपराध कोणी कोणाचा केला आणि क्षमा कोणी कोणाला करावयाची? पाप हे खरे पाप व्हावयाचे तर देव आणि माणूस हे खरोखरच दोघे असावे लागतात. येथे त्या तिसऱ्या अर्थाला एका भारतीय पंडिताने प्रथमच तत्त्वज्ञानाची बैठक दिली.

इकडे महाराष्ट्रात तोपर्यंत वादांना ऊत आला होता. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना आव्हान देत होते आणि ऐकावयास झुंबड उडत होती. त्या सभांचा वृत्तांत छापून आला आहे. त्यात बुद्धिचापल्य आहे, टाळ्याही असतील. पण एकाला लागलेली खोच दुसऱ्याने मनावर घेतली असे फारसे दिसत नाही. १८६७ साली प्रार्थनासमाज स्थापन झाला आणि निराळाच सूर लागला. देव दयाळू पिता आहे, मनापासून पश्चात्ताप केला की तो क्षमा करतो, त्याला मध्यस्थ नको आणि अवतार नको, अशी ती उदार श्रद्धा होती. जोतीराव फुले यांचा मार्ग तिसराच. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात पाप म्हणजे आपल्या सुखासाठी दुसऱ्याला पीडा देणे, इतकी सरळ व्याख्या येते. विटाळ, तीर्थ, व्रत यांचा त्यात संबंध नाही. आमच्या प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीत ही व्याख्या मुलांना सांगण्यास मला कधी संकोच वाटलेला नाही. पूर्ण नसली तरी ती खरी आहे. माणसाला पीडा दिली की देवाचा अपमान होतो, एवढी भर आपण घालावयाची.

प्रार्थनासमाजाच्या सुशिक्षित मंडळींना गोऱ्हे यांनी १८७५ च्या सुमारास मुंबई-पुण्यात एक अडचणीचा प्रश्न टाकला. देव क्षमा करतो, हे तुम्हाला कोठून कळले? निसर्ग क्षमा करीत नाही. विस्तवात हात घातला की भाजतो, पश्चात्ताप केला तरी भाजतो. कर्मसिद्धांतही तेच सांगतो. मग पापी माणसाला जवळ घेणाऱ्या पित्याची कल्पना तुम्ही आणली कोठून? ज्याचे नाव घ्यावयास तुम्ही तयार नाही, त्या ख्रिस्ताच्याच तोंडून ना?

या युक्तिवादाने ज्यांचे आयुष्य बदलले त्या पंडिता रमाबाई. त्यांच्या आईवडिलांनी तीर्थामागून तीर्थ केले होते, पुराणे सांगत देश पालथा घातला होता, आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात ते दोघेही उपासमारीने गेले. पाप धुण्यासाठी जे जे सांगितले होते ते सर्व त्या घराने केले होते. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची श्रद्धा ब्राह्मो पद्धतीची होती. तेथे त्यांच्या हाती गोऱ्हे यांचे लेखन पडले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्मा झाला म्हणजे मान तुकविली, असे नव्हते. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. त्रैक्याचा सिद्धांत मला समजल्यावाचून मी तो तोंडाने कसा म्हणू, धर्मगुरूच्या शब्दापुढे माझ्या विवेकाला काही स्थान आहे की नाही, अशी त्यांची विचारणा आहे. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नाही, यावरही त्या भांडल्या. (आपल्याकडे मिस्सा मराठीत येण्यास व्हॅटिकन परिषदेची वाट पाहावी लागली, हे येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.)

आणि तरीही, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही. तोपर्यंत पाप ही त्यांच्या दृष्टीने सिद्धांताची बाब होती. आता ती त्यांची स्वतःची बाब झाली. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे सारे मोकळेपणाने सांगितले आहे. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला, तेव्हा या मुलींची ही गती कोणत्या पूर्वजन्मीच्या पापामुळे, असे विचारण्यात त्यांनी वेळ घालविला नाही.

आता नीलकंठशास्त्र्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळू, कारण त्याचे उत्तर देण्याची पाळी आपल्या ख्रिस्तसभेवर आहे आणि आपला इतिहास या बाबतीत स्वच्छ नाही. तान्ह्या मुलाचे काय? पाचव्या शतकात पेलाजियसशी वाद करताना संत ऑगस्टीन यांनी म्हटले, की स्नानसंस्काराविना मेलेले बालक जन्मपापामुळे दंडास पात्र असते, जरी तो दंड सर्वांत सौम्य असला तरी. मध्ययुगातील पंडितांना हे कठोर वाटले. त्यांनी लिंबोची कल्पना पुढे आणली : तेथे दुःख नाही, पण देवदर्शनही नाही. लिंबो हा कधीच श्रद्धासिद्धांत नव्हता. तरी धर्मशिक्षणात तो शतकानुशतके शिकविला गेला आणि १९१७ च्या धर्मविधिसंहितेने स्नानसंस्काराविना मरण पावलेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारले. अनेक जुन्या धर्मग्रामांत अशी बाळे कबरस्तानाच्या पवित्र जागेबाहेर, कोपऱ्यात पुरली गेली. ज्या आईला हिंदू शेजारीण पूर्वजन्मीचे कर्म सांगत होती, तिला आपण आदामाचे कर्म सांगत होतो. ऑगस्टीन यांनाही देवाचा न्यायच सांभाळावयाचा होता, काशीच्या पंडितांनाही. दोघांच्याही उत्तरात सारा भार शेवटी त्या वीतभर देहावर पडत होता.

जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी प्रभूला नेमके हेच विचारले होते : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. इतका स्पष्ट नकार समोर असताना आपण पुन्हा पुन्हा हिशेबाच्या वहीकडे का वळलो, याचे मला आश्चर्य वाटते.

बदल हळूहळू आला. १९८३ च्या नव्या धर्मविधिसंहितेने (कलम ११८३) आईवडिलांची स्नानसंस्कार देण्याची इच्छा असताना मूल दगावले, तर महागुरूंच्या परवानगीने त्याचा ख्रिस्ती अंत्यविधी करण्यास मोकळीक दिली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपविले आणि जन्मपापाबद्दल एक महत्त्वाचा खुलासा केला : ते 'केलेले' पाप नव्हे, वाट्याला आलेली स्थिती आहे, आदामाच्या वंशजात ते वैयक्तिक दोष या स्वरूपाचे नसते. हेच वाक्य १८४४ साली कोणी नीलकंठशास्त्र्यांपुढे ठेवले असते, तर वाद निराळ्या वाटेने गेला असता. शेवटी २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने एक दीर्घ निवेदन प्रसिद्ध केले. स्नानसंस्काराविना गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार आहेत, असे त्यात म्हटले आहे. निश्चित ज्ञान नव्हे, आशा. हा शब्द आयोगाने विचारपूर्वक निवडला.

मात्र नीलकंठशास्त्र्यांचा अर्धाच प्रश्न यातून सुटतो. मेल्यानंतर बाळाचे काय, याचे उत्तर मिळाले. मरण्यापूर्वी ते का तडफडले, याचे मिळाले नाही, आणि कोणा आयोगाकडून ते मिळेल असे मला वाटत नाही. स्वतः गोऱ्हे यांना ते मिळाले होते का? बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १८५३ साली, तान्ही मुलगी मागे ठेवून त्यांची पत्नी वारली. ती मुलगी एलन मिशनरी कुटुंबात वाढली आणि पुढे स्तोत्ररचनाकार म्हणून प्रसिद्ध झाली. स्वतः गोऱ्हे १८७० साली अँग्लिकन धर्मगुरू झाले, प्रायश्चित्त आणि ख्रिस्तशरीर यांना मोठे स्थान देणाऱ्या काउली येथील संघात त्यांनी प्रवेश केला. पण शंकेखोर स्वभावामुळे अखेरच्या शपथा कधीच घेतल्या नाहीत. पुण्यात आणि मुंबईत ते अत्यंत साधेपणाने राहिले. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी ते वारले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मुंबईला नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. आणि ज्याने हा वाद उकरून काढला तो जॉन म्यूर? तो हिंदूंच्या शास्त्रांत इतका रमला, की त्यांच्या मूळ वचनांचे मोठे संग्रह करण्यात त्याने आयुष्य घालविले आणि १८६२ साली एडिंबरो विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन स्थापण्यासाठी स्वतःचा पैसा दिला.

कलम ११८३ ची मोकळीक आपल्या खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ कुटुंबांना अजून माहीत नाही. बाळ दगावले, पाणी घालावयास वेळ मिळाला नाही, तर माणसे संकोचाने गप्प राहतात आणि रातोरात पुरून मोकळी होतात. त्यांनी आपल्या धर्मगुरूकडे यावे. अंत्यविधी करता येतो, बाळाचे नाव घेता येते आणि कबरस्तानात इतरांच्या ओळीत त्याला जागा देता येते.